माशांची परीक्षा

आमच्या घरात प्रार्थना म्हणायचं काम पुरुषांचं आणि इतिहास सांगायचं बायकांचं. शुक्रवारी दिवस मावळला की आजोबा हिब्रू पुस्तक उघडून उभे राहत आणि अक्षर न् अक्षर बिनचूक म्हणत. पण मध्येच एखाद्या ओळीचा अर्थ विचारला, तर घसा खाकरून आजीकडे बघत. आजीला हिब्रूचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. मात्र आपण कोण, कुठून आलो, अलिबागच्या इस्रायल आळीत कसे येऊन राहिलो, हा सगळा ऐवज तिच्याकडे होता. नारळ खवताना, वाल सोलताना तो बाहेर पडे. तारखांशी तिला देणंघेणं नव्हतं. ‘फार मागं’ म्हणजे गलबत फुटलं तेव्हा, ‘मागं’ म्हणजे आंग्र्यांच्या अमदानीत, आणि ‘तेव्हा’ म्हणजे ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा.

फार मागं एक गलबत आलं. कुठून, तर इस्रायलच्या मुलखातून. तिथल्या राजानं छळ मांडला म्हणून माणसं निघाली आणि आमच्या किनाऱ्याजवळ येऊन खडकावर आपटली. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बाकीच्यांची प्रेतं लाटांनी नवगावच्या वाळूत आणून टाकली. गावकऱ्यांच्या मदतीनं दोन मोठे खड्डे खणले. एकात पुरुष पुरले, दुसऱ्यात बायका. नवगावला आमच्या जुन्या कबरस्तानात ते दोन उंचवटे दाखवले जातात. पोथ्यापुस्तकं सगळी समुद्रानं नेली. “मग देवाचं काय उरलं?” मी विचारायची. आजी बोटांवर मोजून सांगे : शनिवारी हात कामाला लावायचा नाही, मुलगा झाला तर आठव्या दिवशी सुंता करायची, खाण्यातलं चालणारं-न चालणारं पाळायचं, आणि शेमा म्हणायचा. देव एक आहे असं सांगणारी ती छोटीशी प्रार्थना. ती जन्माच्या वेळी, सुंतेच्या वेळी, लग्नात आणि मयतीतही म्हणायची, कारण दुसरी कुठली येतच नव्हती.

पोट भरायला त्यांनी तेलाचा घाणा धरला. कोकणातले इतर तेली सोमवारी घाणा बंद ठेवत, हे शनिवारी. म्हणून गावानं त्यांना शनवार तेली म्हटलं. नावं पालटली, सामुएलचा सामाजी झाला, हसाजी, एलोजी अशी नावं आली. आडनावं गावांची : पेणकर, रोहेकर, चेऊलकर, किहीमकर, नवगावकर, झिराडकर. बायका लुगडं नेसू लागल्या, गळ्यात मंगळसूत्र आलं, लग्नाला हळद आणि मेंदी आली. परक्याला वाटावं, ही इथलीच एक जात. आणि तसं वाटण्यात काही चूकही नव्हतं.

गलबत कोणत्या शतकात फुटलं, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. समाजाची परंपरा ते दोन हजारांहून अधिक वर्षं मागं नेते. कागदावरचा पुरावा मात्र अठराव्या शतकातला आहे. कोचीनचे यहुदी व्यापारी एझेकिएल रहाबी यांनी 1768 मध्ये हॉलंडला पाठवलेल्या पत्रात मराठ्यांच्या मुलखातल्या बेने इस्रायलांचा, म्हणजे आमचा, उल्लेख आहे : तेल गाळतात, शब्बाथ, म्हणजे शनिवार, पाळतात आणि शेमा एवढाच जाणतात. आजीनं बोटांवर मोजून सांगितलेली यादी आणि हे पत्र शेजारी ठेवलं की फारसा फरक उरत नाही.

रहाबी हे नाव आजीच्या गोष्टीतही होतं, पण तिचा रहाबी ‘दावीद’ होता आणि तो पत्र लिहून थांबला नव्हता. तो स्वतः कोकणात आला. हे लोक शनिवार पाळतात हे त्यानं पाहिलं, पण तेवढ्यावर त्याचा विश्वास बसेना. मग त्यानं बाजारातून माशांची भरलेली टोपली आणली आणि बायकांपुढं ठेवली. “रांधा.” इथं आजीच्या हातातलं काम थांबायचं. मांडीवर रिकामी परात ओढून ती त्यातले नसलेले मासे निवडू लागायची. “हा जिताडा, घेतला. हा रावस, घेतला. ही बोय, घेतली. ही मुशी, टाकली. हा शिंगाळा, टाकला. वाम टाकली, कोळंबी टाकली.” ज्याला पंख आणि खवले, तो चालतो; ज्याला नाहीत, तो नाही. तोरामधला, म्हणजे आमच्या धर्मग्रंथातला, नियमच तो. रहाबीनं विचारलं, हे का टाकलं? बायका म्हणाल्या, “आमच्यात नाही खात.” का खात नाहीत, ते त्यांना माहीत नव्हतं. रहाबीला तेवढं पुरलं. हे आपलेच, असं त्याचं मत झालं.

मग त्यानं काय केलं? तो राहिला आणि शिकवू लागला. झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर अशा तीन घराण्यांतले तरुण निवडून त्यांना हिब्रू वाचन आणि धर्मविधी शिकवले. पुढं त्यांनाच काजी म्हणत. लग्न लावणं, सुंता करणं, तंटे सोडवणं हे त्यांच्याकडे आलं. हा रहाबी नेमका कोण आणि कधीचा, याबद्दल वाद आहेत. कोणी त्याला शेकडो वर्षं मागं नेतात, कोणी पत्र लिहिणाऱ्या रहाबींच्याच घराण्यात बसवतात. माझं लक्ष लहानपणापासून दुसऱ्याच गोष्टीवर अडलेलं आहे. परीक्षेत पास झाल्या बायका आणि शिकवले पुरुष.

आजीला हे बोलून दाखवलं तेव्हा ती हसली. “आम्हाला शिकवायला काय उरलं होतं? आम्हाला येत होतं म्हणून तर त्यानं पुरुषांना शिकवलं.”

आजोबांच्या वाट्याला एकच गोष्ट होती, मुंबईची. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सामुएल एझेकिएल दिवेकर, इंग्रजांच्या फौजेत होते. टिपूच्या लढाईत ते कैद झाले. कैद्यांची गर्दन मारायचा हुकूम सुटला तेव्हा टिपूच्या आईनं त्यांची जात विचारली. “बनी इस्रायल,” असं उत्तर आल्यावर ती म्हणाली, कुराणात ज्यांचं नाव आहे ती ही माणसं, आपण कधी पाहिली नाहीत, यांना मारू नका. सुटून आल्यावर दिवेकरांनी 1796 मध्ये मुंबईत आमचं पहिलं सिनेगॉग बांधलं. नाव शार हारहामिम, म्हणजे दयेचं द्वार. समाजात आणि शेजारीपाजारी त्याला जुनी मशीदच म्हणत. मशीद बंदर स्टेशनाचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. आजोबा ही गोष्ट दिवेकरांच्या शौर्याची म्हणून सांगत. आजी पलीकडून टोकत असे, “वाचवलं कुणी ते नीट सांगा.”

एकोणिसाव्या शतकात शिकवणारे पुष्कळ आले. कोचीनहून यहुदी शिक्षक आले, बगदादहून आलेल्या व्यापाऱ्यांनी रीतिरिवाज दाखवले. आणि आले ख्रिस्ती मिशनरी. जॉन विल्सननी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिलं, मिशनच्या शाळांत आमची मुलं बसली, बायबलचा जुना करार मराठीत हातात पडला. मिशनऱ्यांना हवी होती धर्मांतरं. ती फारशी झाली नाहीत. त्याऐवजी ज्यांची पोथी समुद्रानं नेली होती त्यांना ती मराठीत परत मिळाली, आणि आजवर जे नुसतं पाळत आलो त्यामागची कारणं कळली. वल्हांडणाच्या रात्री वाचायचा ‘हगादा’ मुंबईत 1846 मध्ये हिब्रू-मराठीत छापला गेला. पुण्यात 1874 मध्ये निघालेल्या हगादात चित्रंही आहेत. त्यात वल्हांडणाच्या बिनखमिराच्या भाकऱ्या करणाऱ्या बायका लुगडं नेसून, जमिनीवर बसून कामाला लागलेल्या दिसतात. मिसर देशातून सुटका झाल्याची कहाणी आणि चित्रात कोकणातलं स्वैपाकघर! त्याच सुमारास आमच्यात कीर्तनंही सुरू झाली. मोशे, योसेफ, एलियाहू यांची आख्यानं साकी-दिंडीत, टाळ-पेटीच्या साथीवर रंगत. हाईम सामुएल किहीमकर आणि मंडळींनी 1875 मध्ये मुंबईत शाळा काढली. पुढं माझगावची सर एली कदूरी हायस्कूल म्हणून ती नावारूपाला आली. रेबेका रूबेन यांनी तिथं अनेक वर्षं मुख्याध्यापिका म्हणून काम केलं. रहाबीनं जे अर्ध्यावर सोडलं होतं ते पुरं व्हायला असा वेळ लागला.

आजीच्या घरातला धर्म मात्र या सगळ्यानं फारसा हलला नाही. तिचे सण मराठीच राहिले : नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण, बिरड्याचा रोजा. पंचांगातली हिब्रू नावं आजोबांसाठी. दारफळणीच्या, म्हणजे योम किप्पुरच्या, आदल्या दिवशी ती शेजारच्या कोळणीला सांगून यायची, “उद्या दार उघडायचं नाही गो.” दिवस मावळायच्या आत जेवणं उरकून, पांढरी वस्त्रं नेसून दार लावलं की दुसऱ्या दिवशीच्या चांदण्या दिसेपर्यंत अन्नपाणी नाही आणि परक्याशी बोलणं नाही. कोळीणही त्या दिवशी हाळी न देता पुढं जायची. त्यानंतरच्या दिवशी शिळा सण : दानधर्म, गाठीभेटी, राहिलेली भांडणं मिटवणं.

आणि मलिदा. नवस फेडायचा असो, नवं घर असो, मुलगा परगावी निघालेला असो, एलियाहू हनाबीचा, म्हणजे प्रेषित एलियाहूचा, मलिदा करायचाच. पोहे धुऊन चाळणीत निथळत ठेवायचे. त्यात ओल्या नारळाचा चव, साखर, वेलची, बदाम-पिस्त्यांचे काप. थाळ्यात शीग लावायची, भोवती पाच तऱ्हेची फळं मांडायची, वर गुलाबाच्या पाकळ्या. शेजारी काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून केलेलं सरबत, कारण द्राक्षारस कोकणात कुठून आणायचा? झाडावरच्या फळाचा आशीर्वाद वेगळा, जमिनीतून येणाऱ्याचा वेगळा, सुवासाचा आणखी वेगळा. आजोबा ते म्हणत, आणि पुढचं फळ कोणतं ते आजी बोटानं दाखवत असे. जगभरचे यहुदी एलियाहूला मानतात, पण त्याचा असा थाळा मांडतो तो आमचाच समाज. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर त्याच्या घोड्याच्या टापा आणि रथाच्या चाकाची खूण दाखवतात. तो इथूनच स्वर्गात गेला, अशी श्रद्धा आहे. आजीचा तर हिशेबच होता : गलबतातल्या माणसांना वर काढणारा तोच, मग त्याच्या पायाच्या खुणा इथं नसतील तर कुठं असतील?

1948 मध्ये इस्रायल देश झाला तेव्हा आम्ही भारतात वीसेक हजार असू. मग घरं रिकामी व्हायला लागली. इथं कुणी त्रास दिला म्हणून नव्हे. दोन हजार वर्षं ज्या मुलखाचं नाव घेत आलो तिथं जायचं म्हणून. माझी आत्या गेली ती वाळवंटातल्या नव्या वसाहतीत. तिनं सांगितलेली परीक्षा मात्र आजीच्या गोष्टीसारखी हसत सांगण्याजोगी नव्हती.

आत्याचं लग्न मोरोक्कोहून आलेल्या एका मुलाशी ठरलं होतं. नोंदणीसाठी ती कचेरीत गेली. समोरच्या माणसानं विचारलं, तुमच्या आईची आई कोण? तिची आई? ती कुठली, तिच्या घरी कुणी बाहेरची बाई आली होती का, कुणाचा काडीमोड झाला होता का? “मी त्याला आजीपर्यंतची नावं सांगितली,” आत्या म्हणाली. “पुढं मला माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत आहेत का तुमच्या? असं विचारलं, तर त्यानं पुढचा नंबर पुकारला.”

हे आत्यापुरतं नव्हतं. तिथल्या मुख्य रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, परिषदेनं 1961 मध्ये बेने इस्रायलांशी लग्नाला तत्त्वतः हरकत नाही असं ठरवलं, पण 1962 मध्ये सूचना काढली ती अशी की, आमच्यापैकी कुणी समाजाबाहेर लग्न करत असेल तर आईकडची वंशावळ जमेल तितकी मागं तपासावी. तीनशे-चारशे माणसांच्या गावांतून, जन्मनोंदीच्या आधीच्या काळातून आलेल्यांनी कसला कागद दाखवायचा? लोक चिडले. 1964 च्या उन्हाळ्यात कुटुंबंच्या कुटुंबं मुलाबाळांसह यरुशलेमला जाऊन धरणं धरून बसली. आत्याही बसली. प्रकरण क्नेसेटपर्यंत, म्हणजे तिथल्या संसदेपर्यंत गेलं. सरकारनं आमच्या बाजूनं शब्द टाकला आणि अखेर ऑगस्टमध्ये त्या सूचनेतून बेने इस्रायल हे नाव वगळलं गेलं. आत्यानं त्याच मुलाशी लग्न केलं. तिची भाकरी मोरोक्कोतल्या सासूला आवडायची, चटणी नाही.

पुढं भारतात आली तेव्हा ती हे सगळं ओसरीवर बसून तावातावानं सांगत होती. ऐकता ऐकता आजी म्हणाली, “आपण नाही का विचारत?” आत्या गप्प झाली. मला कळलं नव्हतं. नंतर खोदून खोदून विचारलं तेव्हा आजीनं सांगितलं. आमच्यात गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असा भेद होता. रंगाशी त्याचा संबंध नव्हता. ज्यांच्या घराण्यात कधीकाळी परजातीची बाई आली असं मानलं जाई, ते काळे. त्यांच्याशी बेटीव्यवहार नाही, एका ताटात जेवण नाही. म्हणजे तीच विचारणा : तुझ्या आईची आई कोण? आजीच्या माहेरी मसाला कांडायला अशी एक बाई येत असे. “ती शब्बाथ पाळायची?” मी विचारलं. “पाळायची,” आजी म्हणाली. “आमच्यापेक्षा कडक.”

माझ्या लेखी आजीच्या सगळ्या गोष्टींचा सांधा या वाक्यात आहे. रहाबीची टोपली आम्ही अभिमानानं मिरवली, वंशावळीच्या कागदावर संतापलो, आणि ज्या बाईनं टोपलीतले मासे तितकेच अचूक निवडले असते तिला पंगतीत घेतलं नाही. आम्हाला परकं ठरवणाऱ्यांच्या आधी आम्ही त्यांचाच प्रश्न विचारायला शिकलो होतो. गोरे-काळे आता जवळपास मोडीत निघालं आहे. ते काही कुणी मोठ्या मनानं मोडलं नाही. माणसंच इतकी कमी राहिली की भेद परवडेना.

आज भारतात पाच हजारांच्या आत आहोत, त्यातले बहुतेक मुंबई-ठाण्यात. महाराष्ट्र सरकारनं 2016 मध्ये आम्हाला अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. त्याच वर्षी आमच्या जनुकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला : बेने इस्रायलांच्या रक्तात मध्यपूर्वेतल्या यहुद्यांचा अंश आहे आणि भारतीयांचाही भरपूर आहे. आमच्या नात्यातल्या तरुण मुलांनी तो एकमेकांना मोबाईलवर पाठवला. “बघ, गलबत खरं होतं!” कुणाला वाटलं, आता कुणी प्रश्न विचारणार नाही. मलाही बरं वाटलं, नाही असं नाही. पण आजीला हा निकाल दाखवला असता तर तिनं विचारलं असतं, “मग शनिवारी काम करता की नाही?” रक्तातून टक्केवारी निघते. मुशी बाजूला काढायची सवय त्यातून येत नाही. ती कुणाच्या तरी शेजारी बसून लागते.

आता माझ्या घरातलं. माझ्या मुलानं पेणच्या एका हिंदू मुलीशी लग्न केलं. आमच्यात मुलाचा धर्म आईवरून ठरतो, त्यामुळं नियमाच्या भाषेत माझी नात यहुदी नाही. हा नियम मी मोडीत काढायला निघालेली नाही. पण सगळे यहुदी तो एकाच पद्धतीनं लावत नाहीत, हेही आमच्या समाजाला नवं नाही. डॉ. जेरुशा झिराड, झिराडच्याच घराण्यातल्या, लंडनहून डॉक्टरीण होऊन आलेल्या, यांनी 1925 मध्ये मुंबईत उदारमतवादी यहुदी मंडळ सुरू करण्यात पुढाकार घेतला. त्यातूनच रोदेफ शालोम सिनेगॉग उभं राहिलं. एरवीच्या सिनेगॉगमध्ये सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष जमावे लागतात. अलिबाग-रेवदंड्यासारख्या ठिकाणी सणावारी मुंबईहून माणसं आली तर ते जमतात. एरवी सात-आठ पुरुष दहाव्याची वाट बघत असतात आणि तितक्याच बायका बाजूला बसलेल्या असतात, मोजल्या न गेलेल्या. ज्यांनी धर्म टिकवला त्या मोजणीत नाहीत, हे मला आता हसून सोडता येत नाही.

रहाबीबद्दल माझं मत मात्र वयाबरोबर बदललं आहे. आधी वाटे, हा कोण आमची परीक्षा घेणारा? आता वाटतं, परीक्षा घेतली ते ठीकच. तो नंतर शिकवायला थांबला, हे मोलाचं. कागद मागून पुढचा नंबर पुकारणाऱ्यात आणि त्याच्यात फरक हाच. ज्याची शिकवायची तयारी आहे त्यानं खुशाल विचारावं. नुसतं तपासून निघून जाणाऱ्याला तो हक्क नाही, मग तो रब्बी असो, प्रयोगशाळा असो, की आपलीच आळी.

सुनेनं लग्नानंतर स्वतःहून विचारलं, “आई, शुक्रवारचं मला शिकवाल?” मी परीक्षा घेतली नाही, थेट शिकवायलाच बसले. दिव्याचा आशीर्वाद देवनागरीत लिहून दिला, मलिद्याचं प्रमाण सांगितलं, बाजारात मासे दाखवले. जिताडा तिला माझ्यापेक्षा चांगला ओळखता येतो, पेणची आहे. तिला धर्मात घ्यायचं की नाही हे ज्यांनी ठरवायचं ते ठरवतील. दरम्यान तिनं मोबाईलवरून हिब्रू शिकायला घेतलं आहे आणि परवापासून माझे उच्चार सुधारते आहे. “आई, तिकडं ‘शब्बात’ म्हणतात, ‘शब्बाथ’ नाही.” मी म्हटलं, “तिकडं म्हणत असतील. आमच्यात ‘शब्बाथ’च.” तिनं वहीत दोन्ही लिहून घेतले.